रेडक्रॉसचं 'वॉर सर्जरी' भाग १: फुकट आहे, पण प्रिंट कलरच काढा

आयसीआरसी म्हणजे ती जिनिव्हाची रेडक्रॉस, त्यांनी २००९ साली काढलेलं हे पुस्तक, लिहिणारे दोघेही सर्जन, जियानू आणि बाल्डान. पीडीएफ फुकट मिळते, खर्च तेवढा प्रिंट आणि स्पायरल बाइंडिंगचा. मी बेळगावात काढून घेतली, झेरॉक्सवाले अण्णा दहाएक पानं बघून म्हणाले, "हे काय छापूलालासा डॉक्टर," आणि बाकीचा गठ्ठा उलटा ठेवला. बरोबर आहे त्यांचं, फोटो भयानक आहेत. घरात पोरंबाळं असतील तर कपाटात वर ठेवा.

आपल्याकडे युद्धावर गेलेला डॉक्टर म्हटलं की सोलापूरचे कोटणीस. १९३८ ला चीनला गेले, ९ डिसेंबर १९४२ ला तिकडेच वारले, वय ३२. आदर आहेच, पण आपण फोटोला हार घालून मोकळे होतो, असला माणूस तंबूत उभा राहून दिवसभर हाताने नेमकं काय करतो ते कोण सांगतंय? ते इथे कळतं. जियानू स्वतः बैरूतच्या शातिला या पॅलेस्टिनी निर्वासितांच्या छावणीत वेढा पडलेला असताना आत राहून ऑपरेशनं केलेला माणूस, पण पुस्तकात शौर्यबिर्य काही नाही, नुसतं काम.

आणि कामातलं निम्मं म्हणजे हात आवरणं. गोळीची जखम लगेच शिवायची नाही, हा या पुस्तकाचा कणा आहे. गोळी आत जाताना मांस क्षणभर फाकवते आणि कपड्याचे धागे, माती सगळं आत ओढून घेते, बाहेरून भोक बोटाएवढं आणि आत मेलेला स्नायू. तो कापून काढायचा, धुवायचं, जाड ड्रेसिंग घालून जखम उघडीच ठेवायची आणि चार-पाच दिवसांनी थिएटरातच उघडून स्वच्छ असेल तर टाके. मधे ताप, घाण वास, वाढतं दुखणं नसेल तर ड्रेसिंगला हातसुद्धा लावायचा नाही. आता हे आमच्या खानापूर भागात करून बघा. गव्यानं मारलेला नाहीतर उसाच्या ट्रॉलीखाली पाय गेलेला पेशंट येतो, जखम चिखलाने भरलेली, म्हणजे नियम तोच, पण नातेवाईक विचारणार "टाके का घातला नाहीसा?" आणि रोज पट्टी बदलली नाही की डॉक्टरचं लक्ष नाही म्हणून थेट बेळगाव गाठणार. पुस्तकात नातेवाईकांवर वेगळा भाग हवा होता असं मला फार वाटतं.

स्नायू मेलाय की जिवंत हे बघायच्या चार खुणा दिल्यात, रंग, घट्टपणा, चिमट्यात धरल्यावर आखडतो का, कापल्यावर रक्त येतं का. म्हणूनच म्हणतो ब्लॅक अँड व्हाइट काढून पैसे वाचवू नका, सगळं मांस करडंच दिसणार आणि पहिली खूणच गेली.

जखमेला मार्क द्यायची पद्धत पण कामाची आहे. आत शिरल्याची आणि बाहेर पडल्याची जागा किती सेंटिमीटर, आत दोन बोटं जातात का, हाड मोडलंय का, मेंदू, छाती, पोट, मोठी रक्तवाहिनी यातलं काही लागलंय का, धातू आत राहिलाय का. रेफर करताना चिठ्ठीवर एवढं लिहिलं तरी पुढच्याला पेशंट पोचायच्या आधी अर्धं कळतं.

सगळ्यात जड गेलं ते ट्रायाज, म्हणजे कुणाला आधी घ्यायचं ते ठरवणं. एकदम पन्नास जण आले तर चार गट करायचे, आणि चौथा गट म्हणजे ज्यांना वाचवायला लागणारा वेळ आणि रक्त दुसऱ्या चौघांचं आहे. त्यांना दुखणं कमी करायचं औषध द्यायचं, जवळ माणूस बसवायचा, टेबलावर घ्यायचं नाही. हा निर्णय तिथल्या अनुभवी माणसाने घ्यायचा आणि मग दुसऱ्या पेशंटला हात लावायचा. मी ते पान वाचून पुस्तक बाजूला ठेवलं होतं.

वीज, रक्त, भूल देणारा, यातलं काहीतरी नसणारच असं धरून लिहिलंय, त्यामुळे केटामाइन या भुलीच्या औषधावर चांगलं लिहिलंय, भाजण्यावर पण प्रकरण आहे. जिनिव्हा कराराचा, म्हणजे युद्धात जखमींना आणि दवाखान्यांना हात लावायचा नाही या कायद्याचा, भाग लांबलाय. आणि कायदा वाचून बरं वाटतं तोवर अफगाणिस्तानातलं कुंदूझ आठवतं, ३ ऑक्टोबर २०१५, एमएसएफ म्हणजे 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेच्या हॉस्पिटलवर अमेरिकन विमानाचा हल्ला, ४२ जण गेले. इंग्रजी जरा जड आहे, पण एमबीबीएसला झेपेल.

पाचपैकी साडेचार. कॅज्युअल्टीत बसणाऱ्याने घ्यावंच, फर्स्ट एड शिकायला म्हणून मात्र घेऊ नका, ते हे पुस्तक नव्हे. दुसरा भाग २०१३ चा, हातपाय, डोकं, छाती, पोट असं एकेक घेऊन आहे आणि याच्यापेक्षा जाड, सर्जन असाल तरच प्रिंट काढा, नाहीतर मोबाइलवरच राहू दे.