"साहेब, गॅस संपलाय": गाडीच्या एसीत खिसा कसा कापला जातो

एप्रिल लागला की एसी कमी गार होतो म्हणून गाडी गॅरेजात जाते आणि बॉनेट उघडण्याआधीच निदान होतं: "गॅस संपलाय." वीस मिनिटांत टॉप-अप, दोन-अडीच हजारांचं बिल. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच.

गॅस पेट्रोलसारखा जळत नाही, बंद नळ्यांतून फिरत राहतो. रबरी होजमधून वर्षानुवर्षं थोडा झिरपतो, हे खरं. पण दरवर्षी भरावा लागत असेल तर गळती आहे आणि ती न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. (आणि ते पाणी विकणाऱ्याला माठ फुटकाच बरा असतो.)

गेजची (दाब मोजणाऱ्या काट्याची) हातचलाखी ओळखा. इंजिन बंद असताना आर-१३४ए चा (एसीत फिरणाऱ्या गॅसचा) दाब बाहेरच्या तापमानावर ठरतो: ३५ अंशांना साधारण ११५ पीएसआय (दाबाचं एकक). गॅस पूर्ण असो की निम्मा, आत थोडा द्रव शिल्लक असेपर्यंत काटा तिथेच. त्यामुळे बंद गाडीवर काटा दाखवून "कमी आहे" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. एसी चालू करून लो (कमी दाबाची) आणि हाय (जास्त दाबाची), दोन्ही बाजू बघायला सांगा.

टॉप-अपमध्ये आत आधी किती गॅस आहे ते कळतच नाही. छोट्या हॅचबॅकला बहुधा ३५० ते ४५० ग्रॅम लागतो. नेमका आकडा बॉनेटखालच्या स्टिकरवर असतो. बाजारातला छोटा डबा ४५० ग्रॅमचा. ३८० ग्रॅमच्या गाडीत तो अख्खा रिकामा केला की हाय साइडचा दाब चढतो, प्रेशर स्विच कॉम्प्रेसर (गॅस दाबून फिरवणारं यंत्र) बंद पाडतो आणि ट्रॅफिकमध्ये एसी आधीपेक्षा वाईट चालतो. मग "कॉम्प्रेसर गेला" हे पुढचं बिल तयार.

योग्य काम असं: उरलेला गॅस मशीनने काढायचा, नायट्रोजनने गळती तपासायची, किमान अर्धा तास व्हॅक्यूम (पंपाने नळ्यांतली हवा आणि ओलावा ओढून काढणं), पंप बंद करून दहा-पंधरा मिनिटं काटा हलतो का पाहायचं, मगच वजनकाट्यावर तोलून गॅस. व्हॅक्यूम टाळला की आतला ओलावा एक्स्पान्शन व्हॉल्व्हवर (गॅस जिथून बारीक वाटेने सुटून गार होतो तिथे) गोठतो आणि एसी थांबून थांबून गार करतो. "लीक स्टॉप" (गळती बुजवायचं रसायन) टाकू देऊ नका, तो व्हॉल्व्हही बुजवू शकतो.

बऱ्याचदा गॅसचा काही संबंधच नसतो. वारा कमी येतोय? ग्लोव्ह बॉक्समागचा केबिन फिल्टर काढा, तीन-चारशेचा असतो, बदलायला पाच मिनिटं लागतात. वारा जोरात, हायवेवर गार पण सिग्नलला गरम? कंडेन्सरचा (गाडीच्या तोंडाशी असलेल्या, गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीचा) पंखा फिरतोय का बघा, आणि कंडेन्सरवरची धूळ-किडे साध्या पाइपच्या पाण्याने धुवा. प्रेशर वॉशर नको, पत्र्या वाकतात.

कॉम्प्रेसर बदला म्हणाले तर आधी फ्यूज, रिले आणि क्लच कॉइल (कॉम्प्रेसर चालू-बंद करणारे विजेचे भाग) तपासून घ्या. बदललाच तर जुना परत मागा.

गाडी गॅरेजात सोडण्यापूर्वी थर्मामीटर डॅशबोर्डवरच्या मधल्या जाळीत खोचा: रीसर्क्युलेशन (आतलीच हवा फिरवणारं बटण), ब्लोअर दोनवर, १,५०० आरपीएम, दहा मिनिटं. ६ ते १० अंश आले तर गॅसला हात लावू देऊ नका. नागपूरच्या भर दुपारी १२-१३ आले तरी घाबरू नका. काम झाल्यावर त्याच सेटिंगवर पुन्हा मोजा, आणि बिलावर नुसतं "एसी गॅस" नको, ग्रॅम लिहून घ्या.