वर्डप्रेसचे प्लगिन सांभाळायचे कसे : डॅशबोर्ड, ऑटो-अपडेट की कमांड लाइन?

समजा दादरला फराळाचं दुकान आहे, साइट वर्डप्रेस या साइट बनवायच्या प्रणालीवर आहे, ऑनलाइन ऑर्डर वूकॉमर्सवर (वर्डप्रेसवर दुकान चालवायचा प्लगिन) येतात, साइटवर वीसेक प्लगिन (जादा सोयी देणारे जोड-प्रोग्राम) आहेत आणि मेनूत अपडेटचा लाल आकडा सातवर गेलाय. हे अपडेट करायला रस्ते तीन : डॅशबोर्डवरून (साइट सांभाळायचं आतलं पान) हाताने, ऑटो-अपडेट लावून, किंवा एसएसएचने (दुरून सर्व्हरवर कमांड टाइप करायची सुरक्षित सोय) सर्व्हरवर शिरून डब्ल्यूपी-सीएलआय या वर्डप्रेसच्या कमांड लाइन साधनाने. यातलं सोपं कुठलं हे बघून निवडलं की बहुतेकदा फसगत होते. बिघाड झाला तर तो कुणाच्या लक्षात येणार आणि तिथून मागे कसं यायचं, हे आधी ठरवा.

डॅशबोर्डची खरी सोय म्हणजे प्रत्येक प्लगिनखाली नव्या आवृत्तीत काय बदललं ते वाचता येतं. एक प्लगिन अपडेट करा, साइट उघडून बघा, मग पुढचा घ्या. पण प्रत्यक्षात लोक सगळ्यांवर एकदम टिक करून मोकळे होतात, मग साइट मोडली की सातांपैकी कुणी मोडली ते कळत नाही. शिवाय प्लगिनच्या पानावरचे हे एकगठ्ठा अपडेट ब्राउझर एकामागून एक सर्व्हरला पाठवत असतो. लोकलमध्ये उभ्याउभ्या मोबाइलवरून केलंत आणि नेटवर्क गेलं, तर उरलेले तसेच राहतात. चालू प्लगिनच्या अपडेटदरम्यान वर्डप्रेस मुख्य फोल्डरमध्ये ‘डॉट मेंटेनन्स’ नावाची फाइल ठेवतं. काम अर्धवट तुटलं तर ती मागे राहते आणि गिऱ्हाइकाला देखभालीचा संदेश दिसत राहतो. दहा मिनिटांनी वर्डप्रेस तिच्याकडे दुर्लक्ष करतं. तेवढाही धीर नसेल तर होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमधून ती उडवा.

ऑटो-अपडेटची सोय वर्डप्रेसच्या 5.5 आवृत्तीपासून (2020) डॅशबोर्डवरच आहे, आणि प्लगिनगणिक चालू-बंद करता येते. वर्डप्रेस दिवसातून दोनदा तपासणी करतं, पण ही तपासणी साइटवर कुणी आलं की सुरू होते. त्यामुळे वर्दळ नसलेल्या साइटवर उशीर ठरलेला. 6.6 (2024) पासून एक चांगली भर पडली : ऑटो-अपडेटनंतर चालू प्लगिनमुळे पीएचपीची (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती) फेटल एरर, म्हणजे पान उघडूच न देणारी चूक, आली तर जुनी आवृत्ती आपोआप परत येते. यावर मात्र फार विसंबू नका. ही तपासणी साइटचं मुखपृष्ठ उघडून केली जाते. मुखपृष्ठ ठीक आहे पण चेकआउटला ‘पैसे भरा’चं बटण दाबूनही काही होत नाही, असा बिघाड तिच्या नजरेतून सहज निसटतो. दुकानाच्या दृष्टीने मोठं नुकसान नेमकं तेच.

दुसरी अडचण पैसे देऊन घेतलेल्या प्लगिनची. मोफत मूळ प्लगिन रात्रीत पुढे जातो, आणि लायसन्स संपलेली त्याची सशुल्क जोड जुन्याच आवृत्तीवर अडकते. मग दोघांचं जुळत नाही आणि जीएसटी बिल निघायचं थांबतं किंवा पिनकोडनुसार डिलिव्हरीचा दर चुकतो. अशा जोड्यांना ऑटो-अपडेट लावूच नये. आणि अपडेट झाल्याचा किंवा फसल्याचा ईमेल जातो तो अ‍ॅडमिनच्या पत्त्यावर. कित्येक साइटवर तो पत्ता साइट बनवून देऊन केव्हाच गायब झालेल्या माणसाचा असतो! सेटिंग्जमध्ये तो आधी बदला.

तिन्ही रस्त्यांवर सारखाच खड्डा म्हणजे डेटाबेस. प्लगिनची जुनी आवृत्ती परत टाकली की फाइली मागे येतात, डेटाबेस येत नाही. वूकॉमर्ससारखे प्लगिन मोठ्या अपडेटनंतर टेबलांची रचना बदलतात. त्यावर जुना कोड चढवला तर ऑर्डर दिसेनाशा होऊ शकतात. उपाय म्हणून कालचा पूर्ण बॅकअप चढवला, तर मधल्या वेळेत आलेल्या ऑर्डर पुसल्या जातात. म्हणून अशा प्लगिनचं अपडेट ऑर्डर कमी असताना, लगेच आधी डेटाबेसचा बॅकअप घेऊन करायचं. जमल्यास आधी साइटच्या स्टेजिंग प्रतीवर (चाचणीसाठी केलेली नक्कल) करून एक खोटी ऑर्डर पार शेवटपर्यंत नेऊन बघायची.

कमांड लाइन इथेच उजवी ठरते. डेटाबेस काढून ठेवणं, ‘ड्राय-रन’ लावून काय काय बदलणार ते आधी बघणं, वूकॉमर्स वगळून बाकीचे अपडेट करणं, ठरावीक जुनी आवृत्ती परत बसवणं, हे सगळं पाच मिनिटांत होतं. साइट पांढरी पडली, म्हणजे नुसतं कोरं पान दिसू लागलं, तरी प्लगिन न चढवता कमांड चालवता येते. वर्डप्रेसच्या अधिकृत साठ्यातल्या प्लगिनच्या फाइलींत कुणी ढवळाढवळ केली आहे का, तेही ती ताडून सांगते. सशुल्क प्लगिनचं मात्र ती सांगू शकत नाही. अट एवढीच की होस्टिंगवर एसएसएच हवं, आणि स्वस्त शेअर्ड प्लॅनमध्ये ते असेलच असं नाही. कमांड रूट (सर्व्हरचा सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून चालवू नका. फाइलींची मालकी रूटकडे जाते आणि पुढच्या वेळी डॅशबोर्डवरून अपडेट अडू शकतं.

आमचं मत : दुकानाच्या साइटला मिश्र पद्धत लावा. संपर्क फॉर्म, एसईओ (गूगलवर साइट वर यावी म्हणून), कॅशे (साइट झटपट उघडावी म्हणून) यांसारख्या प्लगिनना ऑटो-अपडेट चालेल. वूकॉमर्स, त्याच्या जोडण्या आणि पेमेंट गेटवे हाताने किंवा कमांडने, महिन्यातून एक दिवस ठरवून. सुरक्षेची दुरुस्ती आली तर महिन्याची वाट बघायची नाही. दिवाळीच्या ऑर्डर सुरू झाल्या की तेवढी दुरुस्ती सोडून कशालाही हात लावू नका. नुसती माहितीची साइट असेल, मंडळाची किंवा शाळेची, आणि बघायला कुणी नसेल, तर सगळं ऑटोवर टाकलेलं बरं. सुरक्षेत भोक असलेला जुना प्लगिन तसाच राहण्यापेक्षा एखादं पान दोन दिवस वाकडं दिसलेलं परवडलं. पाच-सहा साइट सांभाळणाऱ्याने कमांड लाइन शिकून घ्यावी.

वापरात नसलेले प्लगिन नुसते बंद ठेवू नका. बंद प्लगिनच्या फाइली सर्व्हरवर असतातच आणि त्यातलं भोकही. ते डॅशबोर्डवरूनच काढा. फाइल मॅनेजरमधून फोल्डर उडवलं तर प्लगिनचा स्वतःची टेबलं पुसणारा कोड चालत नाही आणि डेटाबेसमध्ये कचरा साचतो. फाइल मॅनेजरचा उपयोग अडीअडचणीला : डॅशबोर्ड उघडतच नसेल तर संशयित प्लगिनच्या एकट्या फोल्डरचं नाव बदला, म्हणजे तो बंद पडतो. अख्ख्या ‘प्लगिन्स’ फोल्डरचं नाव बदललंत, तर प्लगिनचं पान उघडताच सगळे बंद झालेले दिसतील आणि एकेक करून पुन्हा चालू करत बसावं लागेल.