शाळा ठरवून मग घर घेतले : जळगावातील आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या वर्षी मार्चमध्ये माझी चोपड्याहून जळगावला बदली झाली, तेव्हा मुलगी पाचवीच्या वार्षिक परीक्षेच्या तयारीत होती. भाड्याचे घर बघायला निघालेल्या माणसाला पाणी किती दिवसांआड येते हे सगळे सांगतात, जवळच्या शाळेत सहावीला गणित कोण शिकवते हे मात्र कोणी सांगत नाही. म्हणून आम्ही क्रम उलटा केला. आधी शाळा ठरवायची आणि मग तिच्यापासून सायकलच्या अंतरावर घर शोधायचे. खाजगी इंग्रजी शाळांचा विचार आम्ही केला नाही. एकतर शुल्क झेपणारे नव्हते आणि दुसरे म्हणजे मुलीचे पाच वर्षांचे शिक्षण मराठीत नीट झालेले होते. शेवटी तीन शाळा उरल्या : शहराच्या कडेची जिल्हा परिषदेची, महापालिकेची आणि एक अनुदानित हायस्कूल. तिघींचीही नावे येथे देत नाही, कारण हा एका कुटुंबाचा एका वर्षाचा अनुभव आहे आणि त्यावरून कोणत्याही शाळेवर शिक्का मारणे योग्य नाही.

सहावी ते आठवी या वर्गांना कायद्याच्या भाषेत उच्च प्राथमिक म्हणतात, पण आपल्याकडे या तीन वर्गांची स्वतंत्र शाळा जवळजवळ नसतेच. ते एकतर पहिलीपासूनच्या शाळेचे शेपूट असतात, नाहीतर पाचवी ते दहावीच्या हायस्कूलचे पहिले डबे. हा फरक आम्हाला आधी किरकोळ वाटला होता, पण तो तसा नाही. हायस्कूलमध्ये सगळ्यांचे लक्ष दहावीच्या निकालावर असते आणि जुने, अनुभवी शिक्षक वरच्या वर्गांना दिले जातात. उलट जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीची मुले ही मोठी मुले असतात, त्यामुळे त्यांच्याकडे लक्षही जाते आणि कामेही त्यांच्याच वाट्याला येतात. शाळा सातवीला संपते की आठवीला, हेही विचारून घ्यावे लागते. सातवीला संपत असेल, तर दोनच वर्षांनी पुन्हा दाखला काढण्याची वेळ येते.

पहिली चाळणी आम्ही घरी बसून लावली. प्रत्येक शाळेला अकरा अंकी यू-डायस क्रमांक असतो. महाराष्ट्रातील क्रमांक 27 ने सुरू होतो आणि त्यावरून शाळेची माहिती पाहता येते : पटसंख्या, शिक्षकांची संख्या, वर्गखोल्या, स्वच्छतागृहे, ग्रंथालय. तिन्ही शाळांची पत्रके शेजारी ठेवल्यावर महापालिकेची शाळा सरस दिसत होती. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीला 35 विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा, आणि तिथे तर हे प्रमाण त्याहूनही चांगले होते. मात्र त्याच कायद्यात आणखी एक अट आहे, जी मी तेव्हा नीट वाचली नव्हती. या वर्गांसाठी विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांचा प्रत्येकी किमान एक शिक्षक असला पाहिजे. सत्तर मुलांना दोन शिक्षक असले की प्रमाण जुळते, पण त्या दोघांत गणिताचा कोणीच नसू शकतो. प्रत्यक्ष गेल्यावर कळले की नेमके तसेच होते. विज्ञान-गणिताच्या पदवीधर शिक्षकाची जागा रिकामी होती आणि तो विषय भाषेच्या शिक्षिका जमेल तसा ओढत होत्या. त्यांची मेहनत दिसत होती, पण मुलीला गणिताची आधीच धास्ती असल्यामुळे आम्ही तो पर्याय सोडला.

भेटीसाठी आम्ही एप्रिल निवडला, आणि त्यात एक चूक झाली. एप्रिलमध्ये खानदेशात शाळा सकाळच्या असतात. साडेदहाला वर्ग पाहिले तेव्हा सगळे ठीक वाटले. जिल्हा परिषदेच्या शाळेतील सहावीच्या खोलीवर पत्रे आहेत, हे डोळ्यांना दिसले, पण अंगाला जाणवले नाही. जूनच्या शेवटच्या आठवड्यात, पाऊस लांबलेला असताना, मुलगी दुपारी घरी आली ती लालबुंद चेहऱ्याने. तेव्हा आम्हाला त्या पत्र्यांचा अर्थ कळला. कोणी माझा सल्ला मागितला तर मी सांगेन की शाळा बंद असली तरी दुपारी दोन वाजता त्या खोलीत पाच मिनिटे उभे राहून या.

एक गोष्ट मात्र आम्ही योग्य केली आणि तीच सर्वांत उपयोगी ठरली. तिन्ही परिसरांत घरे पाहताना त्या त्या शाळेत जाणाऱ्या मुलांच्या वह्या मागून पाहिल्या. कोणी नाही म्हटले नाही. उलट एका घरी तर आजीबाईंनी चहा ठेवला आणि नातवाला दप्तर उपडे करायला लावले. वही सुंदर आहे की नाही, हे पाहायचे नव्हते. पाहायची होती ती लाल शाईतील सही आणि तिच्याखालची तारीख. हायस्कूलच्या मुलाच्या गणिताच्या वहीत नोव्हेंबरमध्ये एका दिवसाच्या तारखेने सलग अठरा पानांवर बरोबरच्या खुणा होत्या, आणि त्यांतील दोन गणितांची उत्तरे चक्क चुकलेली होती. जिल्हा परिषदेच्या शाळेतील मुलीच्या वहीत दर चार-पाच दिवसांनी तारीख होती. एके ठिकाणी अपूर्णांकांच्या बेरजेत छेद तसेच मिळवले होते; तिथे शिक्षकांनी नुसती फुली न मारता बाजूला भाकरीचे दोन तुकडे काढून दाखवले होते, आणि खाली मुलीने तेच गणित पुन्हा सोडवले होते. आमचा निर्णय त्या पानावर झाला, असे म्हणायला हरकत नाही.

हायस्कूल मागे पडण्याचे दुसरे कारण रस्ता होते. कायदा सहावी ते आठवीसाठी शाळा तीन किलोमीटरच्या आत असावी म्हणतो, आणि अंतराच्या दृष्टीने ती होतीही. पण मधून जुना सहा क्रमांकाचा, म्हणजे आताचा 53 क्रमांकाचा महामार्ग जातो. ट्रकांच्या रांगेतून अकरा वर्षांच्या मुलीने रोज दोनदा सायकल पलीकडे न्यायची, हे आम्हाला पटले नाही. जळगावकर समांतर रस्त्यांसाठी इतकी वर्षे का भांडत आले, हे सकाळी दहा वाजता तिथे उभे राहिले की समजते.

प्रवेशाला त्रास झाला तो वेगळ्याच कारणाने. आधार कार्डावर आणि जुन्या शाळेच्या नोंदवहीत मुलीच्या नावाची अक्षरे वेगळी निघाल्यामुळे ऑनलाइन दाखला अडकला आणि तो यायला जुलै उजाडला. सुदैवाने दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, असे कायद्यातच आहे. मुख्याध्यापकांनी ते आम्ही न सांगता मान्य केले आणि पहिल्या दिवशीच पुस्तकांचा संच हातात दिला. बदली होणाऱ्या पालकांनी नावातील हा फरक एप्रिलमध्येच दुरुस्त करून घ्यावा.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे शिकवणे. गणिताचे सर जसे वहीत दिसले होते तसेच निघाले. दिवाळीपर्यंत मुलीची धास्ती गेली, आणि आता ती शेजारच्या पोराला दशांश समजावून सांगते. पण सर शाळेत असतील तेव्हाच हे खरे. निवडणुकीची कामे, प्रशिक्षणे आणि माहिती भरण्याची न संपणारी पत्रके यांत त्यांचे दिवस गेले. आमच्या दिनदर्शिकेवर मी फुल्या मारत गेलो. जानेवारीअखेर त्या दोन आठवड्यांच्या शाळेहून अधिक भरल्या. त्या दिवशी सहावी-सातवी एकत्र बसवली जाते आणि शुद्धलेखन दिले जाते. हा दोष त्या सरांचा नाही, पण नुकसान मुलांचेच होते. सेमी इंग्रजीबाबत मात्र आमची निराशा झाली. प्रवेशद्वारावर ते मोठ्या अक्षरांत रंगवलेले आहे, पण वर्गात विज्ञान मराठीतच शिकवतात आणि इंग्रजी संज्ञा शेवटी फळ्यावर उतरवून देतात. मुलीला विषय समजतो, म्हणून मी तक्रार केली नाही, परंतु केवळ त्या पाटीसाठी कोणी ही शाळा निवडली असती, तर तो फसला असता.

यू-डायसच्या पत्रकात मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह आहे, अशी नोंद होती, आणि ते आहेही. त्याला कुलूप होते आणि किल्ली कार्यालयातील टेबलाच्या खणात होती, हे पत्रकात कसे दिसणार? मुली किल्ली मागायला लाजत आणि दिवसभर पाणी कमी पीत. हे माझ्या पत्नीला ऑगस्टमध्ये, मुलीची बाटली रोज भरलेली परत येते म्हणून, समजले. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांपैकी निम्म्या महिला असतात. त्यांतील दोघींना घेऊन तिने विषय बैठकीत मांडला. गावातली पोरे नासधूस करतात, हे मुख्याध्यापकांचे म्हणणेही खोटे नव्हते. अखेर शाळेच्या वेळेत कुलूप काढायचे आणि सुटल्यावर लावायचे, असे ठरले. एवढ्यासाठी दोन महिने लागले.

पोषण आहाराबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही : खिचडी बहुतेक दिवस बरी असते, उसळ पातळ असते.

भाषेची मात्र आम्हाला उगाच काळजी होती. घरी आम्ही अहिराणी बोलतो आणि शहरात गेल्यावर मुलीला हसतील, असे वाटत होते. पहिल्या आठवड्यात ती मधल्या सुट्टीत पडली, तेव्हा वर्गशिक्षिका धावत आल्या आणि त्यांच्या तोंडून पहिला शब्द निघाला, ‘काय व्हयनं वं माय?’ हे तिने घरी येऊन चार वेळा सांगितले, गुडघ्याचे नंतर.

पुढचा प्रश्न आठवीचा आहे. सरकारी आणि अनुदानित शाळांतील आठवीच्या मुलांना राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसता येते आणि निवड झाल्यास नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. आमच्या शाळेत त्याची तयारी गणिताचे सरच शाळा सुटल्यावर करून घेतात. म्हणजे सगळा भार पुन्हा एकाच माणसावर. शिक्षकांची पदे पटसंख्येवरून मंजूर होतात, आणि पट घसरला तर एखादे सर अतिरिक्त ठरून दुसरीकडे जाऊ शकतात. प्रवेशापूर्वी हा प्रश्न मी विचारलाच नव्हता : या शिक्षकांची इथे किती वर्षे झाली आणि गेल्या तीन वर्षांत पट वाढला की घटला? मागच्या महिन्यात विचारला. पट किंचित वाढला आहे, सरांना मात्र इथे बरीच वर्षे झाली आहेत.

घराचा अकरा महिन्यांचा करार एप्रिलमध्ये संपतो. माझ्या कार्यालयाजवळ याहून स्वस्त घर मिळत होते. आम्ही आहे तोच करार वाढवून घेतला आहे, आणि सरांची बदली झालीच तर काय करायचे, हे अजून ठरवलेले नाही.