रोलेक्सची जुनी ७८३५ चेन: पावसाळ्याआधी घेतली, आता खरं-खोटं सांगतो

गाडी चालवताना चेनचं लॉक आपोआप उघडायला लागलं, म्हणून लिहायला बसलो. नाहीतर हा अनुभव अजून वर्षभर तरी पोटातच राहिला असता. घड्याळ रोलेक्सचं, मॉडेल ६६९४, ऑयस्टरडेट, चावीचं. त्याबद्दल इथे नव्याने सांगण्यासारखं काही नाही. ३४ मिमीची केस (मशीन बसतं ती धातूची डबी), १९ मिमीचा पट्टा, आत १२२५ मशीन, रोज सकाळी चावी दिली की दुसऱ्या दिवसापर्यंत निवांत. घड्याळाबद्दल माझी तक्रार शून्य. सगळं रामायण चेनचं आहे.

घड्याळ आमच्या काकांचं. ते कुवेतला होते, तिथून सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आणलेलं. माझ्याकडे आलं तेव्हा त्याला रेक्झिनचा पट्टा होता, मूळ चेन कुठे गेली ते घरात कुणालाच आठवत नाही. मग मुंबईच्या एका विक्रेत्याकडून ही चेन मागवली. "सर, शंभर टक्के ओरिजिनल, सेट पहिल्यापासूनचा आहे, कुणी हात लावलेला नाही." किंमत लिहीत नाही, माझं लिखाण घरातही वाचलं जातं. एवढंच सांगतो की तेवढ्या पैशात टायटनची दोन चांगली घड्याळं चेनसकट आली असती आणि वर घरी आल्याबरोबर "अहो, नुसत्या पट्ट्याचे एवढे?" हे ऐकावं लागलं नसतं.

आता मुद्द्यावर येतो. ही चेन वाजते.

जुन्या पोकळ कड्यांची चेन थोडी वाजणारच, हे मलाही माहीत होतं. ७८३५ हा चेनचा मॉडेल नंबर; तिच्या कड्या भरीव नसतात, पत्रा दुमडून केलेल्या असतात. त्यामुळे चेन हलकी, उन्हाळ्यात हाताला बरी, आणि हात हलवला की बारीक आवाज. ते मान्य. पण माझी चेन खिशात किल्ल्यांचा जुडगा असल्यासारखी वाजते. मी ज्युनिअर कॉलेजात शिकवतो. परीक्षेत पर्यवेक्षणाला वर्गातून फिरताना मागच्या बाकावरची पोरं मान वर न करता ओळखतात की सर कुठपर्यंत आले. कॉपी पकडण्याच्या कामाचा सत्यानाश! आवाज कड्यांमधून येतो असं धरून चाललो होतो. एका रात्री पंखा बंद करून, घड्याळ कानाशी धरून एकेक भाग हलवून बघितला. कड्यांचा आवाज मऊ होता. खडखड येत होती ती केसजवळून, एंड लिंकमधून, म्हणजे चेन जिथे केसला टेकते त्या टोकाच्या तुकड्यातून. हे लक्षात ठेवा, पुढे याच्यावरच सगळं येतं.

मध्ये एक उद्योग केला. कोमट पाणी, भांडी घासायचा लिक्विड साबण, जुना टूथब्रश. पाणी काळं झालं, चेन उजळली, आणि खुळखुळ दुप्पट झाली. आमच्या नेहमीच्या घड्याळजींनी कारण सांगितलं ते पटलं. घाम आणि धूळ मिळून पिनांच्या भोवती जो थर बसतो तोच फटी भरून ठेवत असतो, तो गेला की खरी झीज दिसते. आणि झीजही त्याच मळाने केलेली असते. वर्षानुवर्षं धुळीचा कण पिन आणि कडीच्या मध्ये पॉलिश पेपरसारखा घासत राहतो, भोक लांबट होतं, चेन ढिली पडते. चेन आडवी धरून बघा, एका टोकाने धरल्यावर दुसरं टोक किती खाली वाकतं त्यावरून झीज कळते. माझी बऱ्यापैकी वाकते. मळकी होती तेव्हा एवढी वाकत नव्हती, म्हणजे विक्रेत्याने पाठवलेले फोटो मळासकटचे होते. हुशार माणूस.

इथून मी संशोधनाला लागलो. आपल्याकडे जो तो लॉक उघडून आतला शिक्का बघतो आणि ओरिजिनल म्हणून मोकळा होतो. मीही चेन आल्यावर सगळ्यात आधी तेच बघितलं होतं. ७८३५ आहे, रोलेक्सचा मुकुट आहे, अक्षराचा कोड आहे, झालं. पण असली चेन म्हणजे एक वस्तू नाही, तीन वस्तू आहेत: लॉक, कड्या आणि एंड लिंक. तिन्ही एकमेकांपासून सुटतात. लॉक तर स्प्रिंग बारवर (स्प्रिंगच्या बारीक दांडीवर) असतं, साधी सुई असली तरी दोन मिनिटांत बदलतं. म्हणून लॉकवरचा शिक्का फक्त लॉकबद्दल सांगतो, बाकी चेनबद्दल काही नाही.

कोडचं गणित सोपं आहे. १९७६ च्या आधी लॉकच्या आत तिमाही आणि वर्ष असायचं, म्हणजे २ ७१ असेल तर १९७१ ची दुसरी तिमाही. १९७६ पासून अक्षरं आली: ए किंवा व्हीए म्हणजे १९७६, बी १९७७, सी १९७८, असं पुढे. अक्षरासोबत जादा एस असेल तर ते लॉक सर्व्हिसमध्ये बदलून दिलेलं. माझ्या लॉकवर सी आहे. घड्याळ त्याच्या आधीचं. म्हणजे "सेट पहिल्यापासूनचा" हे वाक्य तिथेच निकालात निघालं. पण म्हणून लॉक खोटं ठरत नाही. लॉकची पाती सगळ्यात आधी मोडतात, ती पूर्वीपासून बदलली जायची. घड्याळापेक्षा लॉक काही वर्षांनी नवं असणं यात संशयास्पद काहीच नाही, उलट घड्याळापेक्षा लॉक बरंच जुनं असतं तर मी जास्त घाबरलो असतो.

दुसरा गैरसमज असा की स्विस मेड लिहिलं नाही म्हणजे डुप्लिकेट. तसं नाही. रोलेक्सच्या चेन बाहेरच्या कारखान्यांतूनही यायच्या. जिनिव्हाची गे फ्रेर, १८३५ पासूनची जुनी पेढी, ती फक्त रोलेक्ससाठी नाही तर इतर मोठ्या कंपन्यांसाठीही चेन करायची. रोलेक्सने ती विकत घेतली ती थेट १९९८ मध्ये. अमेरिकेत आणि मेक्सिकोतही तिथल्या बाजारासाठी चेन बनल्या. अमेरिकेतल्या लॉकवर मोठा मुकुट असतो आणि बघताक्षणी चुकीचा वाटतो, पण त्याही खऱ्याच. म्हणून "असं कधी नसतं" असं छातीठोकपणे सांगणाऱ्यापासून चार हात लांब राहा.

मग खरं काय बघायचं? आमच्या सांगलीच्या गणपती पेठेतले तेच घड्याळजी. मी चेन पुढे ठेवली, त्यांनी लॉक उघडलंसुद्धा नाही. डोळ्याला भिंग लावलं, चेन आडवी केली आणि कडेने बघायला लागले. दुमडलेल्या कडीच्या बाजूने पाहिलं की पत्र्याचे थर दिसतात, एकावर एक, मध्ये बारीक फट. चांगल्या चेनमध्ये ही फट सगळ्या कड्यांत सारख्या जाडीची असते आणि दुमडीची कड बोटाला लागत नाही. बाजारातल्या नकली चेनमध्ये कड धारदार असते आणि फट कुठे बंद, कुठे उघडी. माझ्या कड्या पास झाल्या. मनगटावरचे केस मात्र त्याच फटीत अडकतात, ते खऱ्या-खोट्या दोन्ही चेनमध्ये सारखंच. त्याआधीच्या रिव्हेटच्या चेनमध्ये कडीच्या बाजूला पिनेची गोल डोकी दिसायची, ती खरोखर पिना धरून ठेवायची. हल्ली रोलेक्सच्याच ट्युडर कंपनीच्या काही ब्लॅक बे घड्याळांवर तशीच डोकी आहेत, नुसती शोभेची. लोक त्याला व्हिंटेज म्हणून भाळतात. असो.

कड्या झाल्यावर त्यांनी घड्याळ सोडवलं आणि एंड लिंक उलट्या केल्या. या घड्याळाला ७८३५ चेन असेल तर एंड लिंकवर ३५७ हा नंबर असायला हवा, आणि तो होताच. मी म्हटलं, झालं की. ते काही बोलले नाहीत, भिंग माझ्या हातात दिलं. आकडा काळपट होता, त्याचा तळ सपाट आणि कडेला अगदी बारीक ठिपक्यांच्या ओळी. मग त्यांनी गल्ल्यातून दुसऱ्या कुठल्यातरी जुन्या चेनचा सुटा तुकडा काढून शेजारी ठेवला. त्याच्यावरचा आकडा खोल, ठशाच्या दाबाने कडेचं धातू किंचित वर उचललेलं, आणि तळाशी मळ, पण जळल्याची खूण नाही. "सर, तुमचा नंबर ठोकलेला न्हाई, जाळलेला हाय," घड्याळजी म्हणाले. लेझरने.

खात्री म्हणून कुपवाड एमआयडीसीत ओळखीचा एक विद्यार्थी आहे, त्याच्याकडे धातूत काय काय मिसळलंय ते दाखवणारं हातात धरायचं यंत्र आहे, ते लावून घेतलं. कड्यांमध्ये मॉलिब्डेनम (स्टीलमध्ये मिसळतात तो एक धातू) नावापुरतं, आणि एंड लिंकमध्ये दोन टक्क्यांच्या वर. ३१६ जातीच्या स्टीलमध्ये साधारण २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, ३०४ मध्ये ते घातलेलं नसतं. यातून एंड लिंक नकली आहेत हे सिद्ध होत नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण असे आकडे दाखवून लोकांना गंडवणारेही आहेत. यातून एवढंच कळतं की कड्या आणि एंड लिंक एका घाण्यातून आलेल्या नाहीत. नकली ठरवलं ते जळक्या नंबरने आणि बसण्याने. खरी एंड लिंक केसच्या गोलाईला चिकटून बसते. माझी एका बाजूला बसते, दुसऱ्या बाजूला उचलली जाते. तीच खडखड.

आणि ही खडखड नुसती कानाला त्रास देणारी नाही. या घड्याळाचा सीरियल नंबर ६ वाजण्याच्या बाजूला, लगच्या (पट्टा अडकवायच्या शिंगांच्या) मध्ये असतो, आणि मॉडेल नंबर १२ च्या बाजूला. चेन काढल्याशिवाय दोन्ही दिसत नाहीत. सैल एंड लिंक तिथेच घासते, मध्ये धूळ असली की आकडे झिजवते. जुन्या घड्याळांवर अर्धवट पुसलेले सीरियल दिसतात त्यातले बरेच असेच पुसलेले असतात. माझ्या सीरियलच्या शेवटच्या आकड्यावर नवी चमक आलेली दिसली आणि माझं डोकंच फिरलं. लोकांना माझं चेनच्या आवाजाचं पुराण अति वाटतं. वाटू दे. अर्धा मिलिमीटरची फट घड्याळाचा जन्मदाखला खाते आहे!

विक्रेत्याला फोन केला. आधी "सर, तुम्ही जास्त खोलात जाताय." मग "जुन्या वस्तूत असं चालायचंच." मग भिंगातून काढलेला फोटो पाठवला, बराच वेळ शांतता, आणि शेवटी एंड लिंकचे म्हणून थोडे पैसे परत आले. खोटं बोललेला माणूस पैसे देतो तेव्हा किती राग धरायचा, कळत नाही. पुण्यातल्या एका मोठ्या दुकानात लॉक दाखवलं तर काउंटरवरच्या मुलाने हातसुद्धा न लावता "नवीन पट्टा टाका ना सर" म्हणून सांगितलं. नवीन पट्टा टाकायचा असता तर मी सांगलीहून तिथे कशाला आलो असतो?

एक गोष्ट मात्र यानिमित्ताने लक्षात आली. आपल्याकडे जुनं घड्याळ घेणारा माणूस डायलच्या बाबतीत सावध असतो. मुंबईत रंगवलेल्या डायलच्या सीको आणि एचएमटी इतक्या फिरतात की लहान पोरगंही डायलचे अक्षर तपासतं. चेनचं कुणी विचारत नाही. खऱ्या चेन इथे फारशा टिकल्याच नाहीत: घामाने झिजल्या, मोडल्या, पट्टा लावला गेला, आणि सोन्याच्या असल्या तर अडीअडचणीला मुशीत गेल्या. आमच्या जिल्ह्यातले विट्याकडचे गलाईवाले देशभर सोनं वितळवायला पसरलेत, त्यांच्यापैकी कुणी किती घड्याळांच्या चेन वितळवल्या असतील याचा हिशोब कोण ठेवतो. स्टीलच्या वितळवून काय मिळणार, म्हणून त्या उरल्या.

तर आता मत काय? सुरुवातीला मी या चेनला दहापैकी नऊ दिले होते, साबणाच्या प्रयोगानंतर पाचवर आणले, एंड लिंक उघडल्यावर दोनवर. आता परत सातवर आलोय. कड्या खऱ्या आहेत, लॉक खरं आहे पण नंतरचं, एंड लिंक नकली. एंड लिंकचे थोडे पैसे परत मिळाले. लॉकचं म्हणाल तर घड्याळजींनी पातीचा वाक हलक्या हाताने पूर्ववत केला, आता टक असा आवाज येतो, आणि हा एकच आवाज मला या चेनचा आवडतो. पण स्टीलची पाती एकदा सैल पडली की पुन्हा पडते, त्यामुळे गाडीवर जाताना सध्या घड्याळ चामड्याच्या पट्ट्यावर आणि चेन कपाटात.

एंड लिंक नकली त्या काढून ठेवल्यात. कुणाकडे ३५७ ची ठोकलेल्या नंबरची जोडी असेल तर सांगा, किंमत बघू. ५७ किंवा ५५७ नंबरच्या एंड लिंक नको, आणि लॉकचा फोटो पाठवू नका. एंड लिंक उलटी करून, उजेडात, नंबरचा फोटो पाठवा.