बेडसाठी तयार सेट घ्यावा की सुटं जमवावं?

पलंग सजवायचा म्हटलं की आपल्यासमोर दोन वाटा असतात. एक म्हणजे दुकानातून तयार सेट आणायचा: बेडकव्हर, उशांचे दोन अभ्रे, दोन-तीन कुशन कव्हर, सगळं एकाच छापाचं. दुसरी वाट सुटं जमवायची: सोलापुरी नाहीतर साधी सुती चादर, पायथ्याशी गोधडी, आणि कुशन खणाचे, इरकलीचे, मनाला येतील त्या कापडाचे. आमच्या घरात दोन्ही वापरून झालं आहे.

पहिल्या दिवशी सेटच उजवा दिसतो, यात वाद नाही. दिवाळीच्या आधी संध्याकाळी आणला, रात्री घातला, खोली नवी. रंग जुळवायची कटकट नाही. सुटं जमवताना तीच मोठी. खणाचा जांभळा आणि चादरीचा निळा दुकानातल्या ट्यूबलाइटखाली छान जमतात आणि घरी खिडकीपाशी आणले की दोघांचं पटत नाही. खरेदीला जाताना घरचा एक अभ्रा सोबत न्यावा आणि कापड दुकानाच्या दाराशी, उजेडात धरून बघावं. दुकानदार नाही म्हणत नाहीत.

मग सेटचं बिनसतं कुठे? माझ्या मते धुण्यात.

उशीचे अभ्रे दर आठवड्याला धुवावेच लागतात. डोक्याला खोबरेल लावणारं घर असेल तर त्याहून आधी. बेडकव्हर मात्र महिन्या-दोन महिन्यांनी निघतं. त्यातही आत पातळ थर भरून शिवलेलं क्विल्टेड कव्हर असेल, तर पावसाळ्यात ते धुवायचं नावच नको. गॅलरीतल्या दोरीवर दोन दिवस लटकूनही मधला भाग दमटच राहतो आणि कुबट वास धरतो. कुशन कव्हर तर बहुतेक घरांत सणासुदीलाच उतरतात. म्हणजे एकाच छापाच्या तीन वस्तू आणि तिघींचं धुणं वेगवेगळं. वर्षभरात अभ्रे फिके, बेडकव्हर मध्यम, कुशन गडद अशा तीन छटा होतात. सेटची सगळी शोभा एकसारखेपणात असते. तो गेला की कापड अजून धडधाकट असूनही पलंग जुनाट दिसायला लागतो.

नुसते अभ्रे बदलावेत म्हटलं तर तोच छाप पुन्हा मिळत नाही. पुढच्या हंगामात दुकानात दुसरीच फुलं आलेली असतात. आमच्याकडे अभ्रे विटले आणि त्यांच्यापायी चांगलं बेडकव्हर कपाटात गेलं. कोणी म्हणेल एवढं काय त्याचं, आणि अभ्रे जपून वेगळे वापरणाऱ्यांना हा त्रास कदाचित होणारही नाही. माझा कौल मात्र इथेच लागला.

सुट्या मांडणीत अभ्रे मुळातच वेगळे असतात. पांढरे किंवा मोतिया ठेवले की विटण्याचा प्रश्न राहत नाही, आणि फाटले तर फक्त तेच बदलायचे. सोलापुरी चादरीची नक्षी जॅकार्ड मागावर विणलेली, छापलेली नव्हे. धुऊन रंग थोडा उतरला तरी नक्षी उठून दिसते. शिवाय पाठीमागे तीच नक्षी उलट्या रंगात असते; चादर पालटून घातली की पलंग वेगळा दिसतो. अंगाखाली ती थोडी खरखरीत लागते, म्हणून खाली मऊ चादर हवी. मापाकडे मात्र लक्ष द्या. आता बऱ्याच गाद्या 8 इंचांच्या असतात. 72 बाय 78च्या पलंगावर दोन्ही बाजूंची गादी झाकायची तर 88 इंच रुंदी लागते. जुनी सिंगल चादर तिथे अपुरी पडते. उलट सेटचं 108 इंची कव्हर आडवं घातलं तर दोन्हीकडे 18 इंच लोंबतं, आणि खाली ड्रॉवर असतील तर प्रत्येक वेळी ते उचलून धरावं लागतं.

गोधडीबद्दल मी तटस्थ नाही. जुन्या सुती लुगड्यांची, हाताने दोरे घातलेली गोधडी तिहेरी घडी करून पायथ्याशी टाकली की बाकी काही नसलं तरी पलंग सजलेला वाटतो. दुपारी आडवं व्हायचं झालं तर तीच अंगावर ओढता येते. जड बेडकव्हर रात्री काढून खुर्चीवर टाकावं लागतं, तसं हिचं नाही.

खणाच्या कुशनांचं गणित आधी करून ठेवा. खणाचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, कमी; साधारण 30-31 इंच. 16 इंची कुशनला शिलाई धरून 17 इंच लागतात, म्हणजे पन्ह्यात दोन बसत नाहीत. उरलेल्या पट्ट्यांचे अभ्र्यांना काठ लावून घ्या. कुशन आणि उशी आपोआप जुळतात. खणाला आतून अस्तर हवं, मागची बाजू साध्या सुती कापडाची चालते. पहिल्या धुण्यात रंग जाऊ शकतो, तेव्हा वेगळं धुवा आणि सावलीत वाळवा. आतलं कुशन कव्हरपेक्षा दोन इंच मोठं घ्या, नाहीतर कोपरे रिकामे राहतात. भरण फायबरचं की शेवरीचं, यावर माझा फारसा आग्रह नाही. फायबर धुता येतं. शेवरी मऊ असते, पण तिला अधूनमधून ऊन दाखवावं लागतं.

घर भाड्याचं असेल, वर्ष-दोन वर्षांत बदलणार असेल, किंवा खोली पाहुण्यांची असेल, तर सेट बिनधास्त घ्या. तिथे अभ्रे आणि बेडकव्हर एकदमच वापरले जातात आणि एकदमच धुतले जातात. रोज झोपायच्या पलंगासाठी मी सुटंच सुचवेन. आधी पांढऱ्या अभ्र्यांच्या तीन जोड्या आणि एक चांगली चादर घ्या. कुशन सगळ्यात शेवटी, आणि दोनच. ते निदान खुर्चीवर ठेवता येतात. पाच झाले की रोज रात्री ते कुठे ठेवायचे हा वेगळाच प्रश्न उभा राहतो.