जुन्या घराचं वीजबिल आधीच काढून देणारा प्लग-मीटर: कुठे कामाचा, कुठे अपुरा

गोव्यात विकायला निघालेलं जुनं घर बहुतेक वेळा बरीच वर्षं बंद असतं. मालक मुंबईत, आखातात नाहीतर पोर्तुगालात, आणि घरात दिवे लागतात ते चतुर्थीचे चार दिवस. विक्रेता दाखवतो ते वीजबिल खरंच असतं, पण ते बंद घराचं बिल. त्यावरून राहत्या घराचा खर्च धरू नका. तो मोजूनच काढावा लागतो, आणि त्यासाठी हजार ते दोन हजार रुपयांत मिळणारा 16 अँपिअरचा प्लग-मीटर चांगलं हत्यार आहे. मात्र एकटा पुरत नाही.

वापर सोपा आहे. मीटर सॉकेटमध्ये खोचायचा, उपकरणाची पिन मीटरमध्ये. पडद्यावर व्होल्ट, अँपिअर, वॅट, पॉवर फॅक्टर आणि साठत जाणारे युनिट दिसतात. घेताना दोन गोष्टी बघा. वीज गेल्यावर साठलेला आकडा टिकतो का? आपल्याकडे पावसात वीज जाणारच, आणि दर वेळी शून्यापासून सुरू होणारा मीटर कुचकामी. दुसरं म्हणजे सॉकेट. सगळ्या देशांच्या पिना बसतील असं सॉकेट असलेले मीटर टाळा. त्यात 16 अँपिअरची जाड पिन सैल बसते आणि जोड तापतो. 2000 वॅटचा गीझर 230 व्होल्टवर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास घेतो. दहा मिनिटांत मीटरचं अंग हाताला चांगलंच गरम लागलं तर मोजणी तिथेच थांबवा.

फ्रिजसाठी याच्याइतकं खात्रीचं काही नाही. घरासोबत जुना फ्रिज मिळत असेल तर तो निदान 48 तास मीटरवर ठेवा. कॉम्प्रेसर चालू-बंद होत राहतो, मध्येच डीफ्रॉस्टचा हीटर लागतो, त्यामुळे तासाभराच्या आकड्याला अर्थ नाही. दोन दिवसांत 5 युनिट गेले तर महिन्याचे 75 झाले. त्या आकड्यापुढे फुकटचा फ्रिजही महाग पडतो.

छताचे पंखे, विहिरीचा पंप, भिंतीत थेट जोडलेला एसी यांना प्लगच नसतो. तिथे घराच्या वीज मीटरवरचा लाल दिवा कामाला येतो. मीटरवर एका युनिटला किती लुकलुकी ते छापलेलं असतं, बऱ्याच मीटरवर 3200. मिनिटभरातल्या लुकलुकी मोजा, 60 ने गुणा, 3200 ने भागा, की किलोवॅट आले. मिनिटाला 10 म्हणजे सुमारे 188 वॅट. आधी सगळं बंद करून मोजा, मग एकेक वस्तू लावून फरक बघा.

सगळं बंद असतानाची मोजणी तर चुकवूच नका. दिवा तरीही लुकलुकत असेल तर कुठेतरी वीज जाते आहे. देव्हाऱ्यातला छोटा बल्ब, मागच्या गोठ्याला किंवा शेजारच्या खोलीला ओढलेली वायर, नाहीतर ओल्या भिंतीतून जमिनीत होणारी गळती. मग मेन स्विच पाडा. तरीही लुकलुक थांबली नाही तर मीटर आणि मेनच्या मधूनच कुणीतरी जोड घेतलेला असू शकतो. तिथे स्वतः हात लावू नका, परवानाधारक वायरमनला दाखवा. दिवा न मिचकता सतत पेटलेला असेल तर घाबरू नका; अनेक मीटरांत ती लोड नसल्याची खूण असते.

गळतीबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण इथे प्लग-मीटर पूर्ण आंधळा आहे. चिऱ्याच्या भिंती, मातीने भरलेले सांधे, लाकडी पट्टीवरून नेलेली रबरी आवरणाची वायर आणि चिनी मातीचे फ्यूज हे सगळं फेब्रुवारीत ठणठणीत वाटतं. जुलैत भिंत ओल धरते आणि तीच वायर गळू लागते. म्हणून जमल्यास घर पावसातच तपासा. नाहीच जमलं तर 500 व्होल्टच्या मेगरने, म्हणजे वायरच्या आवरणातून वीज झिरपते का ते मोजणाऱ्या यंत्राने, इन्सुलेशन तपासून घ्या. एक मेगाओहमच्या खाली आलं तर नवं वायरिंग खर्चात धरूनच किमतीचं बोलणं करा. न्हाणीघरात आजवर चुलीवर भाण (अंघोळीच्या पाण्याचं मोठं भांडं) तापत असेल आणि तुम्ही गीझर लावणार असाल, तर त्यासाठी स्वतंत्र लाईन हवी, अडीच चौरस मिलिमीटरपेक्षा बारीक तार नको. गीझरचा हिशेब मात्र मोजल्याशिवायही करता येतो: 15 लिटर पाणी 25 अंशांनी तापवायला साधारण 0.44 युनिट, वर टाकीतून निघून जाणारी उष्णता.

पंपाचं गणित लोक हमखास चुकवतात. अर्धा एचपी म्हणजे 373 वॅट, पण ते मोटरच्या दांड्यावर. मीटरमधून ती त्याहून बरेच जास्त घेते. पंप लावल्यावर मिनिटाला 32 लुकलुकी वाढल्या तर 600 वॅट. आता घड्याळ लावून 1000 लिटरची टाकी भरा. चाळीस मिनिटांत भरली तर 0.4 युनिट, दोन तास लागले तर तेवढ्याच पाण्याला 1.2. उशीर होतो तो फूट व्हॉल्व्ह (विहिरीतल्या पाइपच्या तळाची झडप) गळल्यामुळे, इंपेलर (पंपातली पाणी ढकलणारी चकती) झिजल्यामुळे किंवा पाणी फार खोल गेल्यामुळे. वर बसवलेला पंप सुमारे सात मीटरच्या पलीकडून नीट खेचत नाही. तेव्हा मे महिन्यात विहिरीची पातळी कुठे जाते हे शेजाऱ्यांना विचाराच.

एसीसाठी स्टार लेबलवरचे वार्षिक युनिट बघा, पण ते 1600 तासांचे असतात, म्हणजे रोज आठ तास धरले तर 200 रात्री. शिवाय तो हिशेब बंदिस्त खोलीचा आहे. उंच मंगळुरी कौलांखाली, फटींतून वारा खेळत असताना इन्व्हर्टर एसीलाही दम घ्यायला मिळत नाही. आधी खोलीला छत करा, मगच एसी.

आता रुपये. वीज खात्याचे घरगुती दर 100-100 युनिटांच्या टप्प्यांनी चढतात, शेवटचा टप्पा 400 च्या पुढे. म्हणून एसीचे युनिट सरासरी दराने मोजू नका. फ्रिज, पंखे, पंप यांची बेरीज आधी करा आणि एसी त्यावर ठेवा. तो ज्या टप्प्यात पडेल त्याच दराने. मग स्थिर आकार मिळवा.

पाण्याचं थोडक्यात: सगळे नळ बंद, टाकी भरलेली, आणि तरी पाण्याच्या मीटरवरची छोटी चक्री फिरतेय? मग जमिनीतला जुना लोखंडी पाइप गळतोय किंवा टाकीचा फ्लोट अडकलाय. संडासाच्या फ्लश टाकीत खाण्याचा रंग टाकून अर्धा तास थांबा. भांड्यात रंग उतरला तर वॉशर बदलायचा.

एकूण, प्लग-मीटर जरूर घ्यावा असाच आहे, पण बयाणा देण्याआधी वापरायला. पाच वॅटच्या खालचे त्याचे आकडे फार मनावर घेऊ नका. मीटर हातात असतानाच बिलावरचं नाव, मंजूर लोड, थकबाकी आणि वर्ग वाचून घ्या. घर होमस्टेला दिलेलं असेल तर वर्ग व्यावसायिक असू शकतो, आणि मग वर मांडलेला घरगुती टप्प्यांचा हिशेब लागूच होत नाही.