पॉवर टिलर: स्वतःचा की गटाचा?

दापोली-गुहागरच्या पट्ट्यात भात करणाऱ्याला पॉवर टिलर (हाताने धरून चालवायचे मशागतीचे छोटे यंत्र) स्वतःचा घ्यावा की शेतकरी गटाचा वापरावा, हा प्रश्न आज ना उद्या पडतोच, म्हणून दोन्ही सोयी वापरून पाहिलेल्या माणसाचे मत मांडतो.

स्वतःच्या टिलरचा खरा फायदा वेळेचा आहे. तरवा (लावणीची भातरोपे) २१ ते २५ दिवसांचा झाला की चिखलणी, म्हणजे लावणीआधी शेतात चिखल करणे, खोळंबून चालत नाही, आणि पाऊस साऱ्या वाडीवर एकदमच पडत असल्यामुळे गटाच्या यंत्रासाठी रांग ही लागणारच. ज्याचा तरवा आधी पेरलेला त्याची पाळी आधी, असे आमच्या गटात ठरलेले आहे, तरी दिवस मागेपुढे होतात. ज्याचे क्षेत्र सलग व मोठे आहे, किंवा जो भात निघाल्यावर कलिंगडही करतो, त्याने स्वतःचाच घेतलेला बरा. अनुदानाकडे पाहून मात्र कौल लावू नये. २०१४-१५ पासूनच्या केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात वैयक्तिक खरेदी आणि गटाची अवजार बँक (सामाईक यंत्रांचा साठा) या दोहोंना जागा आहे.

चार-सहा कुणगे (भातशेतीचे लहान तुकडे) असणाऱ्याची गोष्ट वेगळी. टिलर बहुतेक वर्षभर पडवीत उभा राहतो आणि खारी हवा त्याला खात बसते. तेही एक वेळ चालले असते. माझे मन उडाले ते उसनवारीने. शेजाऱ्याला नाही म्हणता येत नाही, भाडे मागायला जीभ रेटत नाही, आणि यंत्र परत येते तेव्हा टाकी कोरडी, रोटरची पाती वाकलेली, लोखंडी चाकांत चिखल सुकून घट्ट बसलेला. कोणाच्या कुणग्यात काय झाले, हे विचारायचे तरी कोणाला? म्हणजे मालकीचा टिलरही वाडीत वाटूनच वापरला जातो, फक्त हिशेब न ठेवता.

गटाच्या टिलरबरोबर वही फिरते: किती तास चालला, डिझेल कोणी भरले, पाते कोठे मोडले. शिवाय जांभ्याच्या गडग्यावरून (दगडी बांधावरून) फळ्या टाकून तो खालच्या कुणग्यात उतरवताना दोघे लागतातच, आणि गटाचा चालक तेव्हा हाताशी असतो. माझ्यापुरते मला हे अधिक सोयीचे वाटते.

गटात शिरण्यापूर्वी किल्ली कोणाकडे राहते आणि पावसाआधीची दुरुस्ती कोण करून घेतो, एवढे जरूर विचारावे. आमच्याकडे दोन्ही कामे त्या चालकाकडेच आहेत आणि त्याला तासामागे वेगळे पैसे मिळतात.